सातव्या सोंडेवरची थप्पी

नाही, टेप तिथे नका धरू, मॅडम. कोपऱ्याच्या दगडाची बाहेरची कड धरा — हां, अशी. आता वाचा. एक मीटर ना? त्या टोकालाही एक मीटरच भरणार, बघा हवं तर. ओळंबा सोडून बघा. मागे जिल्ह्याचे साहेब आले होते, त्यांनी काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला होता थप्पीवर, थेंब नाही सांडला. हसताय काय, खरं सांगतोय. अठ्ठावीस वर्षं या बांधावर काढली, दुसरं काही धड जमलं नाही मला, पण दगड रचावा तर या लाओ फाननेच, हे ह्वांग हो नदीच्या काठावर कुणालाही विचारा. बसा ना. नाही नाही, थप्पीवर नको, ते स्टूल घ्या. थप्पीवर आम्ही कुणालाच बसू देत नाही. चहा ओततो. गढूळ नाहीये हो, पाणी उकळून गाळलेलं आहे, पानंच तसली आहेत.

तर तुम्हाला पद्धत लिहून घ्यायचीय. माझी पद्धत — आणि मग ती बांधावरच्या सगळ्या चौक्यांना पाठवणार. किती चौक्या म्हणालात? सत्तर? बरं. सत्तर म्हणजे खूप झाल्या. लिहा मग. खाणीतून गाडी आली की आधी दगड निवडायचे. ज्याला एक तरी सपाट तोंड आहे तो बाहेरच्या भिंतीला, बाकी वेडेवाकडे पोटात. दोरी ताणायची, कोपरे आधी उभे करायचे, मग मधली भिंत. तुम्ही इंजिनिअर, तुम्हाला मी काय शिकवणार, पण थप्पी कशासाठी ते आधी लिहा — पहिल्या ओळीत लिहा. ही सोंड बघा, आपण बसलोय ती, काठातून नदीत घुसवलेली दगडमातीची. प्रवाहाला काठापासून लांब ढकलते ती. पण पाणी काय करतं, तिच्या पायाखालची वाळू खातं. वरून काही दिसत नाही, आपण मजेत चहा पीत बसतो, आणि खाली पोकळ. मग पाय घसरतो. सोंड गेली की काठ गेला — मका, भुईमूग, सगळ्यासकट, एका दुपारी तीस-तीस फूट जमीन गेलेली मी बघितलीय. मग बांध. आणि बांधामागे गाव, तुम्ही चढून आलात तेव्हा बघितलंत ना, नदी वर आणि घरांची छपरं खाली. म्हणून ही थप्पी. पाय घसरला की हिच्यातला दगड उचलायचा आणि खाली टाकायचा. तेवढंच काम तिचं. वर्षानुवर्षं नुसतं बसून राहायचं, आणि एक दिवस पटकन मोडायचं.

हां, सिमेंट. येतो, सिमेंटवरच येतो. त्याचं असं की तपासणीला गुण असतात. कोपरा काटकोनात, भिंत सरळ, वरचा थर सपाट. आता मी कितीही रचलं तरी शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या वर चढणार, पोरं उड्या मारणार, दोन दगड निसटले की गुण गेले. दोन वर्षं लागोपाठ वरच्या चौकीला पहिल्या नंबरचा लाल झेंडा मिळाला, मॅडम. तो वरचा माणूस, नाव घेत नाही मी त्याचं, त्याला सरळ दोरीसुद्धा बांधता येत नाही. मग मी कोपऱ्यांना जरासं सिमेंट लावलं. जरासं. मग वाटलं, वरचा थर पण बसवून टाकू. मग दगडांमधल्या दरजा भरल्या, सगळ्या बाजूंनी. झेंडा आला. चार वर्षं झेंडा इथेच होता, त्या भिंतीवर खिळा आहे बघा अजून.

आत किती खोल? का, ते पण लिहायचंय? लिहू नका. म्हणजे — लिहा, पण थांबा जरा. वीतभर. वीतभर नाही, दोन वीत. बाहेरून दिसतं ते नुसतं नक्षीकाम वाटतं, पण आतून पेटीच झालीय तिची.

नाही कसा, सोंडेचा पाय घसरला होता की. ही सातवी सोंडच. सहा वर्षं झाली. असंच आषाढाच्या तोंडावर वरच्या धरणाची तळाची दारं उघडली होती, साठलेला गाळ खाली लोटायला — परवा उघडणारेत ना, तशीच. पाणी कसलं, पातळ चिखल. मासे गुदमरून वर येतात, गावातले लोक जाळी घेऊन पळतात, जत्राच असते. त्या दिवशीही सगळे माशांमागे. आणि इथे थानने ओरडून सांगितलं की पाण्याचा आवाज बदललाय. थान म्हणजे माझे दाजी, मोठ्या बहिणीचा नवरा. मीच त्यांना चौकीत चिकटवलं होतं. कान फार तिखट त्यांचे. बघतो तर सोंडेच्या डोक्याला भेग, हात जाईल एवढी.

तुम्ही वाचलाय ना त्या दिवसाचा अहवाल? मग त्यात आहे तसंच — दाजी कमरेचा दोर सोडून उतारावर गेले, स्वतःच्या मर्जीने, सूचना डावलून. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. वाचलाय म्हणता, मग परत काय विचारायचं त्यात.

अकरा मिनिटं, मॅडम. पहिला दगड निघायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण मी ऑफिसला फोन केल्याची वेळ आणि पहिला दगड पाण्यात पडला त्याचा फोटो कुणीतरी काढला ती वेळ, मी नंतर शंभरदा वजा केलीय. पहार कोपऱ्यात घातली तर ठिणग्या. घण आणला. माझी थप्पी, माझ्या हाताची, आणि मी तिच्यावर घण घालतोय आणि ती हलत नाहीये. खाली दाजींनी वाळुंजाच्या फांद्यांचा भारा लावला होता भेगेच्या पायाशी. भाऱ्यावर दगड पडला तर तो बसतो, नाहीतर पाणी त्याला उपटून नेतं, हे तुम्हाला माहीतच आहे. ते वर बघून म्हणाले, "फान, दगड येऊ दे, तोवर मी उभा राहतो यावर." आणि राहिले. दोर पुरत नव्हता म्हणून सोडला, मर्जीने नाही. मी म्हटलं, आलोच. दोनदा म्हटलं.

सापडले नाहीत. एवढ्या गाळात कुठे सापडायचे.

आणि त्यानंतर — आता तुम्ही विचाराल, सिमेंट काढलं का नाहीस? काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का काढलंस. म्हणून ही फोडलेली बाजू मीच परत बांधली, तशीच, दरजांसकट. पुढच्या तपासणीला झेंडा मिळाला. टाळ्या वाजल्या, मी वाकून नमस्कार केला. ताई पुढच्या रांगेत बसली होती. लाज वाटते मला, मॅडम, अजून वाटते. ताई दर वर्षी कबरस्थानात जाते, खाली काही पुरलेलं नाही तरी जाते, दाजींना पोचावेत म्हणून कागदाचे कपडे जाळते आणि त्यांनाच शिव्या घालते. शहाणपणा कुणी सांगितला होता, म्हणते. दोर सोडायला कुणी सांगितलं होतं, संसार उघड्यावर टाकून मर्दुमकी कुणाला दाखवायची होती. सहा वर्षं ती मेलेल्या माणसाशी भांडतेय, आणि मी शेजारी उभा राहून आगीत कागद सारतो.

पद्धतीचं ते पान फाडू नका. त्याच्याच खाली लिहा — ही पद्धत चुकीची आहे, सातव्या सोंडेवर पहिला दगड निघायला अकरा मिनिटं लागली, आणि थान दोर पुरला नाही म्हणून सोडून उभे राहिले. लिहिलं? नाव घाला माझं, पूर्ण घाला. द्या इकडे पेन. नोकरी जाईल तर जाईल हो, सत्तर चौक्यांवर या असल्या पेट्या बांधून ठेवल्यावर मी झोपणार कसा. आणि परवाच्या आत ही फोडायचीय, माणसं पाठवा — नाही पाठवलीत तर मी एकटा फोडेन, पण जरा वेळ लागेल, गुडघे गेलेत.

काय? कुठे? — हां, ताईच ती. दुपारी शेवया घेऊन येते, मी नको म्हटलं तरी येते. वही मिटू नका, असू दे उघडी. ये ताई. नाही, भूक आहे, पण ते खाली ठेव आधी. या ऑफिसातल्या मॅडम आहेत. नाही, झेंड्याचं नाही काही, दाजींचं आहे. तू बस. अगं, थप्पीवरच बस, काही होत नाही तिला.

मॅडम, तुम्ही निघा आता.