आता एकदम सुरक्षित

एक्स-रे विभागाच्या बाहेर, काउंटरला लागूनच बसलो होतो. काउंटरवरच्या ताई आणि कॉम्प्युटर बघायला आलेले सर यांचं चाललं होतं.

"बघा, वेबसाइटवरून एक्स-रे बघायचा प्रोग्रॅम उघडायला गेले की ही लाल फुली."

"पुन्हा क्लिक करा."

"सकाळपासून तेच करतेय. बोट झिजलं, फुली काही झिजत नाही."

"मशीन बंद करून चालू केलंत?"

"केलं. वर पुसूनही घेतलं, म्हटलं तेवढ्यानं तरी खूश होईल."

"काल कोणी काही बदललं का?"

"ब्राउझर अपडेट झाला."

"अहो, हा प्रोग्रॅम जुन्या ब्राउझरवरच चालतो! अपडेट विचारलं की नाही म्हणायचं, असं बजावलं होतं ना मी?"

"वर्षभर नाहीच म्हणतेय. काल तुम्ही या खुर्चीत बसलात आणि हो म्हणालात."

"...जुनं सुरक्षित नव्हतं, मॅडम."

"आता आहे ना! एवढं सुरक्षित की आम्हीसुद्धा आत जाऊ शकत नाही. तिकडे मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर, डॉक्टर हातमोजे घालून उभे, आणि तिच्या मोडलेल्या हाताचा फोटो इथे अडकलाय. टाका परत जुनं."

"असं कसं टाकणार? वरून परवानगी लागते."

माझ्या शेजारची बाई उठून काउंटरपाशी गेली.

"साहेब, आईची चालेल का? ऑपरेशनला माझीच घेतलीत."