एका धारेचं एंडमिल

कीर्तनाची वेळ टळत होती, तरी करवतीचं पातं घ्यायला आलेले भगवंतराव अकोल्याच्या त्या हत्यारांच्या दुकानातून हलेनात. रांगेत त्यांच्या पुढंच देवमन टर्नर आणि त्यांची लेक प्रियदर्शनी यांची तिच्या पत्रा कापायच्या मशीनच्या फिरत्या कटरवरून, म्हणजे एंडमिलवरून, जुंपली होती.

"एंडमिल चार धारांचंच घे माय. जितक्या धारा, तितकं काम साफ."

"बाबा, ते लोखंडाले. आपला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटरचा. एका धारेचंच घेऊ, चार धारांत चुरा निघायले जागाच नाही. तो तापून चिकटते अन् पत्रा फाडते. काल दोन फाटले ना?"

"तीस वर्सं लेथ चालवली म्या."

"म्हणूनच काल मी बोलली नाही."

"काहून नाही बोलली वो? विहाराच्या जाळीले आता एकच पत्रा उरला, बुद्धपौर्णिमा परवावर आली!"

"किती दिवसांनी मशीनपाशी हासून राहिले होते तुमी. कसं थांबवू?"

देवमननं हातातलं चार धारांचं एंडमिल काउंटरवर परत ठेवलं.

"काका, कोणतं देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"मले काय विचारता? एका धारेचं म्हणते ना ते, मंग तेच द्या. मशीन तिची, हुकूम तिचा. मी तं पत्रा हलू नये म्हणून खाली टेप लावणारा मानूस."