खिडकीजवळची खाट

मुंबईत स्वस्तात राहायचं असेल ना, तर जागा नंतर बघा. आधी त्या खाटेवर कोण झोपतं ते बघा!

मी खडवलीचा. फोर्टातली नोकरी रोज जाऊन-येऊन जमेना, म्हणून गिरगावात एका लॉजमध्ये खाट बघायला गेलेलो. तर भर दुपारी तिच्यावर कुणीतरी डोक्यावरून चादर ओढून घोरतंय.

"हे कोण?" मी मॅनेजरला विचारलं.

"गिरणीत रात्रपाळीला असतात. ते कामावर गेले की खाट तुमची. म्हणून तर स्वस्त!"

"आणि रविवारी?"

"रविवारी दोघांनीही आपापल्या घरी जायचं."

वर्षभर आम्ही एकाच खाटेवर झोपलो, पण त्याचं तोंड काही मी पाहिलं नाही.

मग एका रविवारी कल्याणला मुलगी बघायला गेलो. मुलगी मला एकदम पसंत. तिच्या वडिलांचाही चेहरा खुललेला. तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाने सहज विचारलं, "मुंबईत राहता कुठे?"

मी ऐटीत लॉजचं नाव सांगितलं.

"खाट कुठली?"

"खिडकीजवळची."

तो ताडकन उठला. "बाबा, हाच तो! रोज माझी उशी तेलाने थबथबीत करून ठेवणारा!"

मी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. आणि आतून मुलीच्या खुदखुदण्याचा आवाज आला. त्या हसण्यावरच लग्न ठरलं म्हणा ना!

लग्नात रुखवत बघायला गेलो, तर मधोमध उशीचा अभ्रा मांडलेला. त्यावर हिने लाल दोऱ्याने झकास भरतकाम केलेलं: 'डोके पुसून झोपावे.'