दोन खोल्यांच्या विद्यापीठाला मान्यता

मला सगळ्या घाबरट म्हणता ना, मग हे ऐकाच. आमचे धाकटे दीर, गणेशभाऊजी, इकडे उत्तरेतल्या आमच्याच शहरात, चिनहट भागातल्या एका नव्या विद्यापीठात बारावीची मूळ मार्कशीट जमा करायला निघाले होते. ती परत मिळालीच नाही तर, या धास्तीनं माझा जीव खालीवर.

"वहिनी, परदेशी परिषदेची मान्यता आहे त्याला!"

मी सातवी शिकलेली, मला परिषद काय कळणार? पण बाळाची लससुद्धा मी तारीख बघितल्याशिवाय टोचू देत नाही. माहितीपत्रकावर परिषदेचा नंबर होता, तो लावला आणि स्पीकर चालू केला.

मी काही विचारायच्या आत पलीकडचे साहेब म्हणाले, "मान्यता चाहिए? आपकी यूनिवर्सिटी कहाँ है?"

घाबरून मी आपला आमच्या घराचा खरा पत्ताच सांगितला. "मानक नगर में. दो कमरे का क्वार्टर है."

"छात्र कितने हैं?"

"एक. ढाई साल का."

"हो जाएगा, मैडम. जाँच की ज़रूरत नहीं, बस गेट का फोटो भेज दीजिए."

भाऊजी मार्कशीट परत कपाटात ठेवत म्हणाले, "वहिनी, गेटवर वाळत घातलेल्या चड्ड्या तेवढ्या काढा, मग फोटो पाठवू."