आक्काच्या पेन्शनचा ऊस

इंग्लंडातल्या लेस्टरहून कायमच्या परत आलेल्या अंजनाक्कांची पेन्शन उसाच्या बिलात दाखवली, तर त्यांचा नव्वद हजारांचा कर वाचणार होता, आणि त्यातले निम्मे भाऊ हंबीररावांच्या शेतातल्या पाइपलाइनला मिळणार होते. इस्लामपुरात कर सल्लागाराकडे नंबर लावून बसलेल्या राजेश्वरीला शेजारच्या बाकावरचा हा बेत आपसूक ऐकू येत होता.

"आक्का, शेतीच्या उत्पन्नाला कर न्हाई. ऊस म्हनायचं आन् मोकळं व्हायचं."

"ऊस कुनाच्या नावावर हाय रं?"

"माज्याच. तूच न्हाई का हक्कसोड दिलंस?"

"म्हंजे पेन्शन माजी, आन् उगवायची तुज्या रानात!"

"कागदावर गं निस्ती. आन् पैसा तिकडचा, तर कर तिकडंच कापू दे की."

"दोनी देशांचा करार हाय, हंबीर. ऱ्हायला हितं, तर कर हितंच. आल्याआल्या सूट व्हती, ती संपली."

"लोक म्हनतील, विलायतेला जाऊनबी आक्का येडीच ऱ्हायली."

"म्हनू देत. बत्तीस वर्सं बर्फातनं कारखान्यात जाऊन बिस्किटं भरली डब्यात. त्याला ऊस म्हनू व्हय?"

"नव्वद हजार हायत, आक्का!"

"आसू देत. रानाच्या कागदावरनं माजं नाव गेलं. ह्या कराच्या पावतीवर तरी ऱ्हाऊ दे."

आतून हाक आली. आक्का ताठ मानेनं पुढे, हंबीरराव पिशवी घेऊन मागे.

कर अंजनाक्कांनी भरला, सल्लागाराची फीही त्यांनीच दिली. खाली टपरीवरच्या दोन चहांचे वीस रुपये मात्र हंबीररावांनी दिले.