चिकाच्या झुडपाची लाल फीत

नाव: नोंदवहीत आहे तेच, बागेत सगळे पानबाबा म्हणतात. वय: अडुसष्ट. धंदा: निवृत्त माळी. राहणार: बागेच्या मागच्या फाटकाजवळची खोली.

मी चौकीत समक्ष हजर राहून सांगतो, की बसल्याबरोबर मी हवालदारांना बागेच्या वर्गातल्या टिटवी या मुलीचा डोळा कसा आहे, तिच्या आईला झोप लागते का आणि वर्गाच्या ताई नीट जेवतात का, असे एकेक विचारले. डोळा उघडतो आहे, बाकीचे ठाऊक नाही, असे ते म्हणाले.

दर रविवारी सकाळी बागेत मुलांचा निसर्गवर्ग भरतो. अकरा वर्षे तो मी घेतला. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण पाने मला वाचता येतात. मुले पान तोडून चुरगाळतात, वास घेतात आणि झाड ओळखतात. ज्या झुडपाचा चीक बाधतो त्याला मी लाल फीत बांधतो. लाल दिसली की हात मागे, हे मुलांच्या अंगवळणी पडले आहे.

या वर्षी वर्ग नव्या ताईंकडे गेला. मला फिती बांधायचे काम ठेवले. टिटवी ही नऊ वर्षांची, तोंडाची टकळी न थांबणारी मुलगी. पूर्वी माझे बोट सोडत नसे. आता येता-जाता 'ताई म्हणतात' सुरू झाले. मी तिला एक पान दाखवले तर म्हणाली, "बाबा, ताईंच्या भिंगातून याच्या शिरा नदीसारख्या दिसतात. तुम्ही कधी दाखवल्याच नाहीत!" मी म्हणालो, "माझ्याकडे भिंग कुठलं, चाळिशी आहे." ती हसली आणि ताईंकडे पळाली.

गेल्या शनिवारी ताईंनी विचारले, "बाबा, फिती सगळ्या आहेत ना?" मी म्हणालो, "माझ्या कामात खोट काढू नका." रविवारी साडेसहाला मी चिकाच्या झुडपाची फीत सोडून खिशात घातली. ती आज हजर केली आहे. झुडूप ओळखता आले नाही की ताई मला हाक मारतील, एवढेच मनात होते. मी पंपाच्या खोलीशी हाकेची वाट पाहत उभा राहिलो. आठ वाजून दहा मिनिटांनी टिटवीची किंकाळी आली; त्याच झुडपाचे पान चुरगाळताना चीक तिच्या डोळ्यात गेला होता. मी तिला नळाखाली धरून पंधरा मिनिटे डोळा धुतला. ती माझ्या हातांत होती आणि "ताई, ताई" करत होती.

सोमवारच्या जबाबात फीत वाऱ्याने गेली असे मी सांगितले, ते खोटे आहे. टिटवीच्या आईने ताईंवर हलगर्जीपणाची तक्रार दिली आहे. काल ताई माझ्या खोलीवर आल्या. म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं, बाबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्या एवढ्या चांगल्या आहेत याचाही मला राग आला. रात्रभर तो गेला नाही, म्हणून सकाळी इथे आलो.

हवालदारांनी हे सगळे मला वाचून दाखवले. माझ्या वयाकडे पाहून त्यांनी 'फीत नजरचुकीने सोडली' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून तिथे 'जाणूनबुजून' घातले. बाकी मी बोललो तसेच आहे. ताईंवरची तक्रार मागे घेतली गेली की मला लवकर दोन ओळी लिहून कळवावे.