सासरची आंघोळ

सासरी तुमचं कौतुक कशाने झालं मला माहीत नाही, माझं आंघोळीने झालं.

लग्नानंतर पहिल्यांदाच मिठबावला राहायला गेलो होतो. न्हाणीत शिरलो, अंगभर फेस केला, तेवढ्यात भिंतीमागून सासऱ्यांचा आवाज आला, "जावयबापू, साबण बेतान लावा हां! पाणी केळीक जाता."

मी उघडाबंब. "बरं बरं" म्हणून भराभर तांबे ओतले आणि कडी काढणार, तर परत आवाज. "झाला? इतक्यात? अजून केळीच्या बुडाक पाणी पोचूक नाय!"

सासरे फावडं घेऊन बाहेर पाटाच्या तोंडाशीच उभे होते. नव्या जावयाने नाही कसं म्हणायचं? मी पुन्हा ओतायला बसलो.

"पोचला काय?"

"पोचला. आता जरा अळवाक!"

पाणी एव्हाना गार झालं होतं. शेवटी सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "अवो, जावय आसा तो, पंप नाय!"

शिंकतच घरी परतलो. बायको म्हणाली, "बाबांना तुम्ही आवडलात." मी म्हटलं, "आवडलो कसला, उपयोगी पडलो."

काही महिन्यांनी सासरे एसटीतून केळ्यांचा घड घेऊन आमच्या कट्टा गावी दारात हजर. आईने लगेच एक केळं सोलून तोंडात घातलं. "गोड आसत हां! खंयची ही?"

सासऱ्यांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्याच झिलाच्या आंघोळीची!"